ट्रेलरवरचं सिमेंट

लग्न होऊन मी कोलशेतला आले, तेव्हा सासरच्यांच्या हातची मिठागरं मालकाने दुसऱ्याला दिली होती. मग आमचे हे आणि मी खाडीजवळच्या लॉऱ्यांच्या आवारात कामाला लागलो. आजूबाजूला कारखाने उभे राहत होते. कालवलेलं काँक्रीट ट्रेलरमधून तिकडे जायचं, आणि तळाला, कडांना उरलेलं परत येईपर्यंत सुकून दगड व्हायचं. ते छिन्नी-हातोड्याने फोडायचे पुरुष. खपल्या घमेल्यात भरून खाडीकडेला टाकायच्या आम्ही बायकांनी.

एका दुपारी ह्यांचा हातोडा मधेच थांबला. बघते तर डोळा चोळतायत.

"काय झालं?"

"काय नाय. कचरा गेला."

मी हात धरून बाजूला केला. डोळा लालभडक झालेला, पाण्याची धार लागलेली.

"मुकादमाला बोलू नको," ते म्हणाले. "डोळं बिघडलेल्याला कोन ठेवतो कामावर?"

आणि परत हातोडा उचलला.

संध्याकाळी सासूबाईंनी पापणी उलटली आणि जिभेच्या टोकाने डोळा साफ केला. गावात तशीच रीत होती, पुष्कळांच्या डोळ्यातली कुसळं त्यांनी काढलेली. पण त्या मागे सरल्या आणि म्हणाल्या, "रुतलंय काहीतरी. माझ्यानं निघायचं नाय."

रात्रभर हे कण्हत होते. सकाळी पापणी सुजून बंद झाली, तरी कामावर जायला उठले. आवारात मी ह्यांना न विचारता एका ड्रायव्हरला सगळं सांगितलं. त्याने दोघांना लॉरीत बसवलं आणि ठाण्याच्या इस्पितळाच्या दारात सोडलं. वाटेत हे माझ्याकडे पाठ करून बसले.

डॉक्टरांनी सिमेंटची कपची काढली, पण त्या डोळ्याची नजर गेली होती.

बरे झाल्यावर हे परत ट्रेलरवर चढले. मुकादमानेही चढू दिलं. पण एका डोळ्याने अंदाज येईना. छिन्नीवर घातलेला घाव अंगठ्यावर बसायचा. हात फुटला, तरी थांबेनात. शेवटी मी घमेलं खाली ठेवलं आणि ट्रेलरवर चढले.

"तुम्ही छिन्नी धरा. मी मारते."

"बायका बघतायत," ते पुटपुटले.

"बघू दे."

मला हातोड्याची सवय नव्हती. त्यांच्या बोटांवर पडेल या भीतीने घाव हलकाच बसायचा आणि सिमेंट जागचं हलायचं नाही. जोरात मारलं की ते मान फिरवायचे. मला वाटायचं, कपचीच्या भीतीने. एकदा घाव निसटला आणि छिन्नी त्यांच्या हातातून उडाली. लागलं नाही कुठे. पण ते खाली उतरले, ते पुन्हा चढले नाहीत.

मुकादमाने त्यांना फाटकावर राखणीला बसवलं. छिन्नी आणि हातोडा दोन्ही मी माझ्याच हातात घेतले. त्यावरून गावातले नावं ठेवायला लागले; सासूबाईंनी त्यांची तोंडं बंद केली. मी ट्रेलरवर चढून ठोकायला लागले, की हे मात्र फाटकापासून उठायचे आणि आवाज थांबेपर्यंत खाडीकडे तोंड करून उभे राहायचे. तिथवर तर कपची उडून जात नव्हती.