माझी दुसरी पाणथरी आणि डॉक्टरबाई

आमच्या ब्रह्मपुरीच्या डॉक्टरबाई स्वतःची चूक पेशंटला तोंडावर सांगायच्या. तीही भरल्या दवाखान्यात, मोठ्या आवाजात. मला हे ठाऊक आहे, कारण ती चूक माझ्या पोटात होती.

मी शाळेत मराठी शिकवायचो. एका वर्षी पायांवर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी स्वतःच निदान केलं: उष्णता. सब्जा पीत बसलो. शेवटी बायकोने ओढत बाईंकडे नेलं. औषधं थकली तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, रक्त थांबवणाऱ्या पेशी तुमचीच पाणथरी खाऊन राह्यली. तिले काढावं लागते." पाणथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली असते हे मला त्या दिवशी कळलं. तोवर तिथे जठरच आहे अशा समजुतीने मी जेवल्यावर प्रेमाने हात फिरवायचो.

ऑपरेशन झालं, ठिपके गेले. स्टाफरूममध्ये मी माझ्या धैर्याच्या कथा सांगत सुटलो. भूल चढेपर्यंत नर्सचा हात सोडला नव्हता, तेवढं गाळून.

वर्षभराने ठिपके परत आले. बाईंना काय सुनवायचं ते मी अलंकारांसह पाठ करून गेलो. त्यांनी नवा स्कॅन खिडकीच्या उजेडात धरला.

"मास्तर, काही लोकं जन्मतःच पाणथरीचं एक लहान पिल्लू सोबत आणते. वाटाण्याएवढं. एरवी त्याचा तरास नाई. पण तुमच्या आजारात ते मागं राह्यलं, तर मोठीचं काम तेच करते. मी शोधाले पाह्यजे होतं. चूक माही हाय."

बाकांवरचे सगळे ऐकत होते. माझं भाषण अलंकारांसह बाजूला राहिलं. तोंडातून निघालं ते असं, "छे, छे! मीच दोन घेऊन जन्मलो, बाई."

"नागपूरच्या डॉक्टरले चिठ्ठी देऊ?"

"नको. जागा तुमच्या पाहण्यातली आहे."

बाई चष्मा काढून पुसत राहिल्या.

दुसऱ्या ऑपरेशनात ते पिल्लू सापडल्यावरही आणखी एखादं असेल म्हणून त्या शोधत राहिल्या म्हणे. ठिपके पुन्हा आले नाहीत. मग दवाखान्यात नवा डॉक्टर आला की मला बोलावणं यायचं. "या मास्तराच्या पोटात मी चुकली. तुम्ही चुकू नका." पुढे पुढे मी न सांगताच सदरा वर करायला लागलो.

पाणथरी नसलेल्याला साधा संसर्गही जिवावर बेततो, म्हणून ताप अंगावर काढायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद होती. त्यांच्या निरोप समारंभाला नेमका मी तापलेला, पण भाषणाची हौस दांडगी. हार घालताना माझा हात त्यांच्या मानेला लागला.

"काऊन हो, ताप हाय ना?"

गळ्यातल्या हारासकट त्यांनी मला वॉर्डात नेलं आणि इंजेक्शन दिलं. बाहेर पाहुण्यांची भाषणं रिकाम्या खुर्चीपुढे चालली होती. सत्कारमूर्ती माझ्या खाटेशी बसून होत्या.

मग त्या पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावी गेल्या. मागच्या हिवाळ्यात तिथेच वारल्या.

आता जरा कणकण आली तरी मी दवाखाना गाठतो. एवढ्याशा तापाला कशाला आलात, असं नवे डॉक्टर विचारतात. "आमच्या डॉक्टरबाई रागावतात," मी सांगतो. जन्मभर व्याकरण शिकवलं, पण या वाक्याचा काळ मला अजून बदलता येत नाही.