रोलरवर बसलेलं रॉकेट

तुझ्या आजोबांना कामावर सगळे रॉकेट म्हणायचे. आणि चालवायचे काय, तर रोडरोलर! शेजारून एखादी बकरी चरत चरत गेली तरी ती पुढं निघून जायची. तिला कुणी रॉकेट म्हणत नव्हतं, यांना म्हणायचे. कारण यांच्या खिशात कायम एक पुस्तक, आणि त्या पुस्तकात कायम कुणीतरी कुठल्यातरी ग्रहावर जायला निघालेलं.

आमचं लग्न जमवणाऱ्या काकूंनी घरी सांगितलं होतं, "मुलगा ड्रायव्हर आहे, सरकारी गाडी आहे, आणि गाडी मोठी आहे." माझ्या डोळ्यांपुढं कसल्या कसल्या गाड्या येऊन गेल्या! मोठी होती गं, खोटं कशाला बोलू? मागची दोन लोखंडी चाकं माझ्या खांद्याएवढी. वर पत्र्याचं छप्पर, आणि सुरू झाली की दातसुद्धा थरथरायचे.

"आणि घर कुठंय?" मी विचारलं.

यांनी रोलरच्या मागं बोट दाखवलं. मागं दांड्याला जोडलेली एक खोली उभी होती. चाकांवर! लाकडाच्या भिंती, पत्र्याचं छत, छतातून बाहेर आलेलं धुराडं. रस्त्याचं काम जिथं निघेल तिथं रोलर जायचा, आणि त्याच्या मागं आमचं घर. आत दोन फळ्या झोपायला, सकाळी बिजागरीवर उचलून भिंतीला लावायच्या. कप हुकांना टांगलेले. चुलीच्या कडेला लोखंडी पट्टी, भांडं घसरू नये म्हणून. आणि पुस्तकांच्या फळीला आडवी दोरी बांधलेली. कपड्यांना जागा नव्हती गं, पण पुस्तकांना दोरी होती.

लग्नानंतर लगेच नव्या कामावर निघायचं होतं, डोंगरापलीकडं. रोलर ट्रकवर चढवून न्यायची सोय तेव्हा नव्हती, आपल्याच चाकांनी जायचं. मी यांच्या बाजूला हत्यारांच्या पेटीवर उशी टाकून बसायची. माणसं सायकलवरून पुढं जायची, मागं वळून बघायची आणि हसायची. मी पदर तोंडावर घ्यायची.

आणि हे काय बोलायचे माहितीये? एकदा मैलाच्या दगडाजवळून जाताना म्हणाले, "इथून चंद्रावर रोलर न्यायचा म्हटला, रोज निघायचं, रोज जेवायला-झोपायला थांबायचं, तर नोकरी लागल्याच्या दिवशी निघालेला माणूस रिटायर व्हायच्या सुमाराला पोचेल."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय! म्हणजे पोचता येतं! एवढ्याशा वेगानं चंद्र गाठता येतो एका माणसाच्या नोकरीत. लांब म्हणतात, पण लांब नाहीये तो."

आता हे ऐकून नवी नवरी काय करणार? मी म्हटलं, "मीठ संपलंय."

"हं," म्हणाले, आणि जरा वेळानं, "तिथं मीठ कुठून आणत असतील?"

तू हसतेस. मला तेव्हा रडू यायचं. बोलायला शेजारीण नाही, ओटा नाही, दार उघडलं की रोज नवीनच झाडं. आणि बरोबरचा माणूस असा, की शरीर इथं आणि डोकं कुठल्या कुठं. मी मनाशी धरलं होतं, वाटेत एक फाटा येणार होता, तिथून आमच्या गावाला बस जायची. त्या फाट्यावर उतरायचं आणि आईकडं जायचं. परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर बघू. खरं सांगायचं तर मन म्हणत होतं, नाहीच यायचं.

संध्याकाळी रोलर कडेला लागला की हे हातपाय धुऊन पायरीवर बसायचे आणि उजेड असेतोवर मोठ्यानं वाचायचे. मला अक्षर ओळखता येत नाही हे यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यावर काही बोलले नाहीत, नुसतं मोठ्यानं वाचायला लागले.

तेव्हा चाललेली गोष्ट एका जहाजाची होती. पाण्यातलं नव्हे, आभाळातलं. जायचं इतकं लांब, की जे चढले ते पोचणारच नाहीत. त्यांची नातवंडं, त्यांची पतवंडं, त्यांच्याही पुढचे कुणीतरी उतरणार. सगळं जहाज बंद. त्यात जन्मलेल्या पोरांना वारा म्हणजे काय ते माहीत नाही. एक म्हातारी त्यांना सांगायची, आमच्याकडं वारा सुटायचा. एक चिमुरडी विचारते, "कोण सोडायचं?" म्हातारी म्हणते, "कुणी नाही. आपला आपण सुटायचा." पोरं हसायची, म्हातारी थापा मारते म्हणून.

फाट्याच्या आदल्या संध्याकाळी हे वाचत होते. ती चिमुरडी एकटीच एका बोळातून चाललीये, आणि तिच्या कपाळावरचे केस हलतात. आपले आपण.

मला तिथंच हुंदका फुटला. गोष्टीचा नव्हता तो. दुपारपासून आई आठवत होती, दोनदा यांना सांगितलंही होतं, आणि दोन्ही वेळा "हं" मिळालं होतं. यांनी वर बघितलं. मला रडताना पाहून यांचा चेहरा असा फुलला! म्हणाले, "तुलाही कळलं ना? बिचारी पोर!" आणि आपला रुमाल काढून दिला.

बस्स. मी ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी फाटा आला. मी म्हटलं, "थांबवा. मला आईकडं जायचंय."

यांनी रोलर थांबवला. माझी ट्रंक स्वतः उचलून बसच्या थांब्यावर आणून ठेवली.

मी म्हटलं, "परत कधी येईन ते मी सांगत नाही."

"बरं," म्हणाले. "मी याच रस्त्यानं जाणार आहे."

एवढंच! ना राग, ना आर्जव. बस सुटली तेव्हा मी मुद्दाम मागं बघितलं नाही.

घरी आल्यावर आईनं मला जवळ घेतलं आणि सगळं ऐकून म्हणाली, "राहा इथंच. लोखंडाला बांधून घातलंय का तुला?" मामा आले होते, ते म्हणाले, "काय गं, जावई आले नाहीत मागोमाग?" आणि स्वतःच म्हणाले, "निघाले असतील! पुढच्या वर्षी पोचतील!" सगळे खो-खो हसले. मीही हसले, पण मला ते आवडलं नाही. का, ते कळलं नाही.

दोन दिवस बरं वाटलं. ओटा होता, शेजारणी होत्या. बोलणं तेच, कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या नळाला पाणी आलं. मला हेच तर हवं होतं. आणि मला जांभया यायला लागल्या.

मग एकदा ओट्यावर सगळ्या मटार सोलत बसल्या होत्या. आई, मावशी, समोरची शिंपीण. शिंपिणीनं विचारलं, "तो माणूस संध्याकाळी करतो तरी काय गं?" मी सांगितलं, वाचतो. "काय वाचतो?" मग मी ती गोष्ट सांगायला लागले. सगळी नीट आठवत होती, बरं का, मलाच नवल वाटलं. जहाज सांगितलं, म्हातारी सांगितली, वाऱ्याची थाप सांगितली. आणि ती पोर बोळातून जाते आणि केस हलतात, तिथं आले.

मावशी म्हणाली, "बरं झालं! आला वारा एकदाचा."

"अगं मावशी, बरं कसं?" माझ्या तोंडून निघालं, आणि निघता निघताच मला कळलं. तोवर मलाही कळलं नव्हतं! "बंद जहाजात वारा येईल कुठून? भोक पडलंय कुठंतरी! आतली हवा बाहेर चाललीये!"

सगळ्यांचे हात थांबले. शिंपिणीच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी. आई ताट खाली ठेवून म्हणाली, "अगंबाई! मग पुढं?"

"पुढं माहीत नाही. तिथवरच वाचलं होतं."

"म्हणजे? ती पोर तशीच?"

"तशीच."

समोर आमचं तेच अंगण, तोच नळ. पण त्या सगळ्या वर आभाळाकडं बघत होत्या, मटार सोडून! आभाळात काय दिसणार गं भरदिवसा? तरी बघत होत्या. आणि मला वाटलं, अशा नजरेनं तो माणूस रोज बघतो. मीठ संपलं तरी बघतो. त्याच्या शेजारी मी इतके दिवस पदर तोंडावर घेऊन बसले होते.

संध्याकाळी आई म्हणाली, "तू जा बाई परत."

"परवा तर म्हणालीस, राहा."

"परवा मला ती पोर ठाऊक होती का?" मग माझी वेणी घालता घालता हळूच म्हणाली, "हे बघ, तुझे वडील चांगलेच होते. पण जन्मभरात मला एकदाही त्यांनी असं काही सांगितलं नाही, की माझे हात थांबावेत."

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं उतरणार?"

म्हटलं, "रोलर दिसेल तिथं."

"रोलर?"

"माझं घर आहे त्याच्या मागं."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग सगळ्या बसला त्यानं कामाला लावलं, "अहो, या ताईंचं घर निघून गेलंय, दिसलं तर सांगा!" मीही हसले. फाटा गेला. डोंगराचा चढ सुरू झाला. आणि एका वळणावर मला दिसलं, आमचं धुराडं, आमची निळी पायरी, आणि पुढं यांची पाठ. इतक्या दिवसांत जेमतेम तेवढंच अंतर गेले होते! त्या वेगाला मी किती नावं ठेवली होती. आता वाटलं, बरं झालं बाई, रुसून गेलेल्या माणसाला परत गाठता येईल असा तरी आहे.

बस थांबली. कंडक्टरनं ट्रंक उतरवली आणि रोलरकडं बघून ओरडला, "सांभाळा हो, घर पुन्हा पळवू नका!"

हे खाली उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. पहिलं वाक्य काय बोलले? "तू त्या दिवशी त्या पोरीसाठी रडत नव्हतीस."

"नव्हते."

"मला बस गेल्यावर कळलं."

"फार उशिरा कळतं तुम्हाला."

"रोलरवाला आहे," म्हणाले. हसले नाहीत. डोळे पाण्यानं भरले होते. "आता काही सांगितलंस की रोलर थांबवत जाईन. चालू असताना नीट ऐकू येत नाही, आणि बंद असताना मी तिकडं असतो. ते सुधारतो."

मी म्हटलं, "सुधारा. आणि आता त्या पोरीचं काय झालं ते सांगा. आई जीव टांगून बसलीये."

"मला कुठं माहीत?"

"वाचलं नाहीत?"

"तू नव्हतीस ना," असं म्हणाले, जसं काही मीच वेडी आहे. पुस्तक काढलं, त्याच पानात बसचं जुनं तिकीट घातलेलं होतं.

आम्ही रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, पायरीवर बसलो. यांनी वाचलं. त्या पोरीनं धावत जाऊन म्हातारीला सांगितलं. जहाजातल्या सगळ्या बायांनी, पोरींनी वेण्या सोडल्या, केस मोकळे केले. जिकडं केस ओढले जातील तिकडं सगळ्या चालत गेल्या, बोळामागून बोळ, आणि भिंतीत बोटही जाणार नाही एवढं भोक सापडलं. सगळ्यांचे केस त्या एका भोकाकडं वळलेले. मला अंगावर काटा आला गं. माझा हात आपोआप माझ्या वेणीवर गेला.

मग निघालो. मी पेटीवर उशी टाकून बसले, पदर न घेता. थोडं पुढं गेलो. मग यांनी एकदम रोलर थांबवला आणि म्हणाले, "तू आता माझ्यापेक्षा जरा तरुण झालीस."

मला वाटलं, लाडीगोडी चाललीये. म्हटलं, "पुरे."

"खरंच. जो वेगात जातो त्याचा काळ हळू सरतो. हे गोष्टीतलं नाही, खरं आहे, शास्त्रज्ञांनी घड्याळं लावून बघितलंय. तू बसनं गेलीस, बसनं आलीस. मी इथं रोलरवर. माझा वेळ जास्त गेला."

मी वर चढावर बघितलं. इंजिन तापून मध्येच थांबलेली ती बस आता कुठं पुन्हा निघाली होती, डोंगरावर मुंगीएवढी. त्यात कंडक्टर होता, कोंबड्या घेतलेली एक बाई होती, एक तान्हं बाळ होतं. सगळे आमच्यापेक्षा थोडे थोडे तरुण राहत चालले होते, आणि एकालाही पत्ता नव्हता!

"किती तरुण?" मी विचारलं.

यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं. डांबरानं काळी झालेली बोटं. इतकी जवळ, की चिकटलीच जणू. "एवढं," म्हणाले.

मी वाकून त्या फटीतून बघितलं. उजेडाचा धागासुद्धा येत नव्हता. पण ते इतक्या सांभाळून धरून होते, हात थरथरू न देता, की मला वाटलं, असेल. मी म्हटलं, "धरा तसंच, मला नीट बघू द्या."