मी रेड्याच्या मुखवट्यात उभा राहिलो

पाटलाने मला फसवलं. ज्या शब्दावर मी बोहाड्याचा मांडव उभा केला, तो शब्द त्याने साऱ्या गावासमोर गिळला. त्याची लाज गावात कोणालाच वाटली नाही.

आमच्या मोखाड्याकडच्या डोंगरात बोहाडा रात्रभर चालतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे लावून नाचतात. उजाडताना सगळ्यांत शेवटी देवी येते, महिषासुराला मारते आणि सारं गाव तिच्या पायांवर डोकं ठेवतं. मुखवट्यामागे कोण आहे, हे तेव्हा कोणी विचारत नाही. ती देवीच असते.

त्या सकाळी मी आंघोळ करून, उपाशीपोटी देवळामागे उभा होतो. मुखवट्यासाठी हात पुढे केले. पाटलाने तो उचलला आणि आपल्या जावयाच्या डोक्यावर चढवला. जावई कचेरीत कारकून.

"पाटीलबाबा, सोंग माझं ठरलंय."

"ठरलं व्हतं. पण जव्हारवरनं पाहुणे आलेत. त्यांच्यापुढं देवी देवीसारखी दिसाया नको?" मग त्याने रेड्याचा मुखवटा माझ्या छातीवर ढकलला. "हा घे. तुला तर रंगसुदिक लावाया नको."

लोक हसले. माझी बायको ओवाळायचं ताट घेऊन चार हातांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं.

माझा बाप दुसऱ्यांची गुरं राखायचा. मी बैलांची दलाली शिकलो. रुमालाखाली बोटं धरून भाव करत साखरशेतपासून पोशेऱ्यापर्यंत गोठे पालथे घातले. तोंड तिखट, डोकं लवकर तापतं. जव्हारचं संस्थान विलीन झालं, राजाचे शिपाई गेले, तेव्हा मला वाटलं, आता कोणापुढे वाकायला नको. देवापुढेही नको.

पुढच्याच पावसाळ्यात बायकोला हिवतापाने धरलं. नदी फुगलेली, दवाखाना पलीकडे. भगत येऊन गेला, गुण नाही. मग मी देवीशी सौदा सुरू केला. आधी कोंबडा बोललो. मग बोकड. मग दोन बोकड. बैलाची बोली चढवावी तसा चढवत गेलो. उत्तर नाही. शिव्या दिल्या. तरी नाही. बायको मला ओळखेना, 'बा' म्हणून हाका मारू लागली.

तेव्हा माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता बसलो. आणि त्या ओल्या, धुराने भरलेल्या घरात आम्हा दोघांखेरीज आणखी कोणी आहे, असं मला कळलं. दिसलं काही नाही. बायको जगेल, असा शब्दही कोणी दिला नाही. पण माझी भीती गेली. मी जमिनीला डोकं टेकलं. मला कोणी वाकवलं नव्हतं.

पुढे ताप उतरला. बायकोने नवस बोलून ठेवला होता की देवीचं सोंग नवऱ्याने घ्यावं. नवस राहिला तर दुखणं परत येतं, असं ती मानते. मला ती भीती नव्हती. मला त्या घरात आलेल्याचे उपकार मानायचे होते, आणि दुसरी रीत ठाऊक नव्हती.

देवीच्या सोंगाचा मान पाटलाच्या घरात बापजाद्यांपासून. पाटील म्हणाला, मांडव तू घाल, मुखवट्यांना रंग तू दे, यंदाचं सोंग तुझं. बैलाच्या व्यवहारात मी दोन साक्षीदार धरले असते. देवीच्या कामात साक्षीदार कशाला, असं म्हणालो. मूर्खपणा केला.

रेड्याचा मुखवटा मी लावला. मांडवात शिरायला दुसरी वाट नव्हती. आत अंधार, चिंचोक्याच्या खळीचा वास, डोळ्यांपुढे दोन भोकं. सांबळाचा ताल घुमत होता. जावई तलवार फिरवत होता, पाय ठेक्यात पडत नव्हते. देवीची तलवार लागली की राक्षसाने पडायचं, ही रीत.

तलवार लागली. मी उभा राहिलो.

परत लागली.

"पड ना रं!" पाटील ओरडला. "देवी खोळंबलीय!"

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? मुखवटा देवीचाच होता. लहानपणापासून त्याला भ्यायलेला मी. आणि त्याच घडीला मला पावसाळ्यातलं ते पुन्हा जाणवलं. समोरच्या मुखवट्यात नाही. माझ्या शेजारी. रेड्याच्या बाजूला.

मी मुखवटा काढून हातात घेतला. "देवीपुढं मी कवाच पडलोय, पाटीलबाबा. तुमच्या जावयापुढं नाय पडणार."

सांबळ थांबला. म्हाताऱ्या बायका कोप होईल म्हणून रडू लागल्या. पाटील माझ्या बायकोकडे वळला. "सांग तुझ्या नवऱ्याला. ताप परत आला तर आमच्या दारात यायचं नाय."

तिने ताट खाली ठेवलं. मग ती मला म्हणाली, "आला तर माझा मी भोगीन. तुमी पडू नका."

बोहाडा तसाच अर्धा राहिला. त्याला आता काही वर्षं झाली. आमच्या घरी विस्तव मागायलाही कोणी येत नाही. ते चालतं मला. पण पावसाळ्यात जरा कणकण आली की बायको आधी माझ्याकडे बघते आणि मग खाली बघते. नवस पाटलाने अडवला आणि ती भीती तिच्यात कायमची रुजवली. मी अडेल बैलही विकू शकतो, पण तिच्या मनातली ती भीती काढू शकत नाही. हेच मला जाळतं.

माफी माग, मिटवून टाक, असं लोक सांगतात. माफी कोणी मागायची?

पाटील, येत्या बोहाड्याला मी येणार आहे. सोंग मागणार नाही, भरपाई मागणार नाही. उजाडल्यावर, सारं गाव जमल्यावर, माझ्या बायकोच्या डोळ्यांत बघा आणि सांगा, देवीच्या आणि तिच्या मध्ये उभं राहायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? उत्तर ऐकल्याशिवाय मी मांडवातून हलणार नाही, आणि देवीचं सोंगही तुम्हाला पुढे नेऊ देणार नाही.