टोमॅटोचा पाला आणि माझे तळवे

शकुन-अपशकुन, संकेत वगैरेंवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. मांजर आडवं आलं तर मी मांजरालाच बाजूला हो म्हणते. पण गेल्या वर्षी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही…

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सून पहिल्या बाळंतपणासाठी महाळुंगे पडवळला माहेरी गेली, आणि थोड्याच दिवसांत माझे हातापायांचे तळवे खाजायला लागले. पुरळ नाही, लाली नाही — पण खाज अशी की मशीन चालवता येईना. आमचे हे म्हणाले, तळहात खाजतोय म्हणजे पैसा येणार. येणं दूरच, होता तो खोबरेल तेलात गेला.

डॉक्टर मॅडमनी कोरडी त्वचा, थायरॉईड, शुगर, किडनी, लिव्हर, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल! मग हसून म्हणाल्या, "काकू, तुम्ही गरोदर असता तर मी घाबरले असते. शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळवे खाजले तर लिव्हरचा त्रास असू शकतो. बाळाला धोका असतो."

या वयात गरोदर! ही गंमत सांगायला मी सुनेला फोन लावला. ती हसलीच नाही.

"आई, माझं बी हातापायाचं तळवं लई खाजत्यात. टमाट्याचा पाला लागला आसंल म्हणून कुणाला बोलले न्हाई."

टोमॅटोच्या तोडणीत तिकडे घरोघरी हात खाजतात, कोण लक्ष देणार? पण मला डॉक्टर मॅडमचं बोलणं आठवलं. म्हटलं, "अगं, टोमॅटो काय पायाने तोडतेस?"

त्याच दुपारी विहीणबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. रिपोर्टमध्ये लिव्हरचाच त्रास निघाला. औषधं सुरू झाली आणि बाळंतपण थोडं आधी करायचं ठरलं.

बाळंतपणाच्या दिवशी मी दवाखान्यात खोलीबाहेर बाकावर कंगव्याने तळहात खाजवत बसले होते… आणि नळ बंद करावा तशी खाज थांबली. मी विहीणबाईंना म्हणाले, "झालं." त्या माझ्याकडे बघतायत तोवर आतून रडणं ऐकू आलं. मुलगी! दोघी सुखरूप. आम्ही विहिणी गळ्यात पडून रडलो आणि मग पेढे कुणी आणायचे यावरून भांडलो.

डॉक्टर मॅडम म्हणतात, सुनेची खाज पुस्तकात आहे, तुमची नाही.

परवा शिवता शिवता नाक खाजलं. हसू नका — आधी सुनेला फोन केला.

"मी बरी हाये आई," ती म्हणाली. "तुमच्या नातीला सर्दी झालीया."