जागचं न हलणारं जहाज

आमच्या सौंसरहून समुद्र कुठल्याही दिशेनं लांबच. तरी पोरगी जहाजावर नोकरीला गेली, आणि तीही माझ्या हट्टानं. तिची आई म्हणत होती, "पोरीनं पाण्यावर कायले जावं? नागपूर काय कमी आहे?" तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, जबाबदारी माझी. बोलायला काय जातं!

नोकरीभर मी नगरपालिकेत दिवाबत्तीच्या कामावर होतो. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावायचे, सकाळी बंद करायचे आणि मधल्या वेळात लोकांच्या शिव्या खायच्या. त्यामुळे पोरगी फोनवर दीपगृहांचं सांगू लागली की मी कान टवकारायचो. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी असते आणि खलाशी त्यावरूनच किनारा ओळखतात, हे ऐकून मला आपल्या खात्याचा उगाच अभिमान वाटला.

गेल्या हिवाळ्यात तिचं जहाज इंग्लंड आणि फ्रान्समधल्या सामुद्रधुनीतून जाणार होतं. "बाबा, तिथं आठवडी बाजारासारखी गर्दी असते," ती म्हणाली. "मी ड्यूटीवर असीन. फोन लागला नाई तं घाबरू नका. बाहेर निघाली का करते." जहाजं दाखवणारा नकाशा तिनं माझ्या मोबाइलमध्ये आधीच टाकून दिला होता.

त्या दुपारी मी नकाशा उघडला. जहाजांच्या खुणांची नुसती खिचडी झाली होती. चष्मा पुसला, तिचं असावं अशा एका खुणेवर बोट ठेवलं आणि ती धरून बसलो. बारीक इंग्रजी नाव वाचायच्या भानगडीत पडलो नाही. थोड्या वेळानं पाहिलं, जहाज तिथंच. चहा झाला, तरी तिथंच. बाजूची सगळी जहाजं पुढं सरकत होती. पोरीला फोन लावला, लागला नाही.

आमचा शेजारी मोहगावकडून संत्र्याचे ट्रक भरून पाठवतो. त्याला नकाशा दाखवला. "काका, गाडी फसली वाटते," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे चिखलातला ट्रक असणार. बायकोनं ते ऐकलं. आता आपला उद्धार होणार, असं मला वाटलं. पण ती बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून माझ्याकडे पाठ करून बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. फार भीती वाटत होती मला, आणि ते सांगायलाही तोंड नव्हतं.

फोन आला तेव्हा मेणबत्ती अर्धी उरली होती. मी ओरडलोच, "कुठं अडकली तू? जहाज हलूनच नाई राहिलं!"

"बाबा, आमी तं केव्हाच बाहेर आलो." तिनं त्या खुणेचं नाव वाचायला लावलं आणि हसत सुटली. "ते माझं जहाज नाई. ती दीपनौका होय. तिथं पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. दीपगृह बांधता येत नाई म्हणून दिवा लावून जहाजच नांगरून ठेवलं. त्याचं कामच उभं राहायचं."

बायकोनं फोन हिसकावला. "त्याच्यावर कोण राहते?"

"कोणीच नाई, आई. दिवा आपोआप लागते."

"एकटंच?" ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मलाही आवरलं नाही. शेजारी गुपचूप चप्पल घालून निघून गेला.

आता पोरगी दुसऱ्याच समुद्रात आहे. तिचं जहाज मला नाव वाचून बरोबर सापडतं. पण संध्याकाळी मेणबत्ती लावून झाली की बायको म्हणते, "अवो, ते उभं जहाज पाहा बरं, आहे का जागेवर?"

"पोरगी तिकडं नाई आता," मी एकदा चिडून म्हणालो.

"माहीत आहे मले. कोणाच्या तरी पोरी जाऊन राहिल्या असतीन ना तिकून."

मी चष्मा पुसला आणि नकाशा उघडला. जहाज जागेवर होतं.