इराने अख्खा तक्ता वाचला

आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितोय.

माझ्या सात वर्षांच्या इराचा डावा डोळा आळशी आहे. मागच्या तपासणीत तिला त्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. मी तक्त्याचा फोटो काढला आणि घरी तिच्याकडून परीक्षेसारखा पाठ करून घेतला.

आज तिने शेवटपर्यंत धडाधड वाचलं. डॉक्टर खूश. मी लगेच नागपूरला तिच्या आजीला कळवलं.

मग डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायला तिला मशीनसमोर बसवलं.

"बेटा, हरे निशान को देखते रहो," डॉक्टर म्हणाले.

डोळा स्थिर राहीना, फोटो पुसट येत राहिले. इराने हळूच विचारलं, "बाबा, इथे काय म्हणायचं? हे तुम्ही शिकवलंच नाही."

डॉक्टरांना मराठी येत नाही. "क्या कह रही है?"

"थोडी घबराई है," मी म्हणालो.

भोपाळमध्ये वाढलेल्या इराला हिंदी माझ्यापेक्षा चांगली येते. माझं खोटं तिला कळलं; मशीनवर हनुवटी तशीच टेकवून तिने डोळे माझ्याकडे वळवले. मग मात्र मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दुसरा तक्ता लावला. तिने पुन्हा दोनच ओळी वाचल्या.

घरी येताना स्कूटरवर इराने विचारलं, "बाबा, मी नापास झाले का?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?