काकांनी न सांगितलेलं वाक्य

आमच्या परळच्या हौशी नाटक ग्रुपने नाटकं केली मोजकीच, पण किस्से मात्र पोत्याने! चहाला बसलं की एकातून दुसरा निघतोच. त्यातले हे रोहेकरकाकांचे.

*

मोझेस रोहेकर आमचे प्रॉम्प्टर. राहायला भोईवाड्यात. विंगेत उभं राहून आम्हाला विसरलेली वाक्यं सांगतात. शनिवारी तालमीला मात्र येत नाहीत. आमचा हीरो बंड्या सगळ्यांना सांगायचा, "काका मारुतीचा वार पाळतात. एकदम कडक!"

शेवटी काकाच म्हणाले, "अरे, मी ज्यू आहे. शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी काम बंद."

बंड्या विचारात पडला. "पण मारुती चालतो ना?"

*

यंदा आमच्या डायरेक्टरने, म्हणजे नारूने, एक जुनं परदेशी नाटक मराठीत आणलं. त्यात व्हिलन कपटी ज्यू. तो रोल मला! मेकअपवाल्याने विचारलं, "ज्यूचं नाक कसं असतं?"

काका म्हणाले, "माझ्यासारखं कर."

त्याने काकांना नीट न्याहाळलं. "मस्करी नको हो काका. हे तर आपल्यासारखंच आहे!" आणि मला वांग्याएवढं नाक चिकटवलं.

*

नाटकात हीरो व्हिलनला म्हणतो, "तुम्हा ज्यूंची जातच कपटी!"

काका म्हणाले, "नारू, हे वाक्य काढ रे. मी विंगेतून हे कसं सांगू?"

"काका, तुम्ही कशाला मनावर घेता? तुम्ही थोडेच त्यातले!"

"त्यातलाच आहे मी."

"हो, पण तुम्ही आपल्यातले त्यातले!"

काकांनी स्क्रिप्टचं पुढचं पान उलटलं. मला फार वाईट वाटलं.

*

मग हीरोच्या बहिणीचं काम करणारी मंदा कांबळे उठली. "'तुमची जातच अशी' हे आमच्या घरात आजोबांपासून ऐकतोय. काढ ते."

नारू भडकला. "कलेत जात आणू नका!"

"आम्ही कुठे आणली? ती आधीच स्क्रिप्टमध्ये बसलीय!"

नारूने चहा मागवला. वाक्य काही निघालं नाही.

*

प्रयोग दादरला. हाउसफुल्ल! बंड्याची एक सवय आहे. अडकला की विंगेतून जे येईल ते डोकं न लावता ठोकून द्यायचं. नेमका त्याच वाक्याला अडकला. बोट माझ्यावर रोखलेलं, नजर विंगेकडे.

विंगेतून काकांचा थरथरता आवाज आला, "हे वाक्य मी सांगणार नाही. मी ज्यू आहे."

बंड्या छाती काढून गरजला, "हे वाक्य मी सांगणार नाही! मी ज्यू आहे!"

व्हिलनच्या झग्यात मला घाम फुटला. पुढचं एक अक्षर आठवेना. विंगेत पाहिलं, तर काका स्क्रिप्ट मिटून उभे. माझ्या तोंडून निघालं,

"मग मी कोण?"